घरचा शब्द

वैजूने खांबाकडे सूर मारला, पळणारीच्या टाचेला हात लावला आणि तशीच मातीत घसरत गेली. उठली ती हसत. दातांना माती, कोपर सोललेलं, आणि एका हाताची पाचही बोटं माझ्याकडे करून दाखवलेली. पाच. सात मिनिटांच्या डावात एकटीने पाच गडी बाद केले होते.

मी चुन्याच्या रेघेवर कागद घेऊन उभी होते. हसू आलं होतं, पण ओठ घट्ट मिटून घेतले. निवड समितीवरच्या बाईने आपल्या पोरीकडे बघून हसायचं नसतं, असं मी स्वतःच ठरवलं होतं.

ही गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. आमच्या जिल्ह्याच्या मुलींच्या खो-खो संघाची निवड होती. निवडलेल्या बारा जणी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. वैजयंता भिसे माझ्या शाळेची, धामणवाडीची. बाप नव्हता, आई आणि ती मामाच्या घरी राहायच्या. वयाच्या हिशोबाने तिचं हे शेवटचं वर्ष. चाचणीच्या आदल्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली होती,

"मॅडम, मामा म्हणलाय, राज्याला गेलीस तर कॉलेजला घालतो. तितनं पोलीस भरती. न्हाईतर माघात बार उडवायचा. पोरगं बघून ठेवलंय."

"कसं आहे पोरगं?"

"मी कुठं बघितलंय? मामानं बघितलंय."

एवढं बोलून ती पळत मैदानात गेली. तेव्हा तिचं काय पणाला लागलं होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. माहीत नव्हतं अशी पळवाट माझ्यापाशी नाही.

चाचणी संपली आणि आम्ही समितीचे चौघे शाळेच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. बाकी खोल्यांना कुलपं होती. पोरांचे ते बुटके बाक. आमचे गुडघे खाली मावेनात. अध्यक्ष अण्णा थोरबोले निवृत्त हेडमास्तर, सतरा वर्षं समितीवर. ते बाकाऐवजी मास्तरांच्या खुर्चीवर बसले. चिटणीस चिंचकर सरांनी पुढ्यात जाडजूड वही उघडली आणि थर्मासातला चहा ओतला. तिसरे मुल्ला सर. जुने पंच. गळ्यातली शिट्टी घरीदारी, बाजारात, लग्नातसुद्धा तशीच असायची.

चौथी मी. मी तिथे कशी आले, ते सांगायला हवं. आदल्या वर्षी मी अकरा क्रीडाशिक्षकांच्या सह्या घेऊन संघटनेला पत्र धाडलं होतं. 'निवडीत आपला-परका बघितला जातो, पात्र मुलींवर अन्याय होतो' वगैरे. मोठं झणझणीत पत्र होतं. अण्णांनी त्याचं उत्तर दिलं नाही. त्यांनी मलाच समितीवर घेतलं. बाहेर ओरडणाऱ्याला आत घेतलं की ओरड थांबते, एवढं त्यांना सतरा वर्षांत कळलं होतं.

आठ नावं पाच मिनिटांत झाली. त्यांच्यावर वाद नव्हताच. मग अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"आता घरच्या पोरी. बागलबाई, तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगतो. प्रत्येकाच्या तालुक्यातली एकेक पोर शेवटी घ्यायची. ज्याचा तालुका, तो बोलणार. त्याला घरचा शब्द म्हणतात. घरचा शब्द कुणी तोडायचा नाही. काय कारण असेल ते चिंचकर वहीत लिहिणार, खाली ज्याचा शब्द त्याची सही. झालं."

म्हणजे चौघांना चार जागा, राजरोस वाटून घेतलेल्या. मी ज्याच्याविरुद्ध पत्र लिहिलं होतं, ते हेच. पण मला ते इतक्या सरळपणे, चहाच्या घोटाबरोबर सांगितलं गेलं की रागवायचं कसं तेच सुचेना.

अण्णांनी आपली पोर सांगितली. बरी होती. मग चिंचकरांनी सख्ख्या भावाची मुलगी सांगितली. ही पोर सकाळी मैदानात उतरल्यावर अर्ध्या मिनिटात बाद झाली होती आणि वर पायात चमक भरली म्हणून सावलीत बसली होती.

"मोठ्या सामन्यात खुलते ती," चिंचकर म्हणाले.

"खुलते, खुलते," अण्णा म्हणाले. मुल्ला सरांनी मान हलवली. आणि खोटं कशाला बोलू, मीही हलवली. चिंचकरांनी लिहिलं, 'मोठ्या सामन्याचा अनुभव', आणि खाली सही ठोकली.

मुल्ला सरांची पोर खरंच चांगली होती. तीही झाली.

"चला, आता बागलबाई."

चिंचकरांनी पेनाचं टोपण दातात धरलं आणि डोळे बारीक केले. "बघू या बुवा. पत्र लिहिणारी माणसं आता काय करतात ते."

अण्णा गालात हसले. मुल्ला सरही हसले. थट्टाच होती, त्यात विष असं नव्हतं. पण माझ्या नाकाला मिरची झोंबली. माझ्या मनात आलं, आता जर मी वैजूचं नाव घेतलं, तर हे तिघं वर्षभर मला ऐकवणार. चार लोकांत सांगणार, बाईंनी पण शेवटी घरचीच घेतली. आणि मी जर सोडली, तर? तर यांना मान खाली घालावी लागेल. मला त्यांची मान खाली बघायची होती. फार बघायची होती.

"माझ्या तालुक्याच्या पोरीला घेऊ नका," मी म्हणाले. "माझी आहे म्हणून घेतली, असं व्हायला नको."

आता इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पंगतीत वाढपी येतो तेव्हा आपण पहिल्यांदा 'नको' म्हणतो ना, तसं ते 'नको' होतं. वाढपी थांबतो, म्हणतो, 'अहो, घ्या की,' आणि आपण पान पुढे करतो. माझी खात्री होती की तिघेही म्हणतील, 'असं कसं, मॅडम? पाच गडी बाद केलेत पोरीने. तिला घ्यायलाच पाहिजे.' मग मी जरा वेळ आढेवेढे घेणार, आणि मग वैजू माझ्यामुळे नव्हे, तर त्यांच्या तोंडून संघात जाणार. माझं नाव स्वच्छ, पोरही आत. इतकं सगळं मी चहाच्या एका घोटात रचलं होतं.

कुणी आग्रह केला नाही.

मुल्ला सरांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे. अण्णांनी कपाळावरचा चष्मा खाली नाकावर घेतला.

"कारण?"

"कारण म्हणजे... मी सांगितलं ना."

"ते कारण नव्हे, बाई. वहीत काय लिहायचं? पोरीत काय उणं आहे?"

मी चुळबुळ केली आणि माझा गुडघा बाकाच्या फळीवर सणकून आपटला. डोळ्यांत पाणी आलं.

"गुडघा," मी म्हणाले.

"तिचा?"

"हो. उजवा. मोठी स्पर्धा झेपायची नाही तिला."

चिंचकरांचं पेन कागदावर फिरलं. ते लिहीत असताना मी थांबवू शकले असते. लहान मुलांनी भिंतीवर चिकटवलेला बाराखडीचा तक्ता होता, त्याचं एक टोक सुटलं होतं. मी त्याच्याकडे बघत बसले. चिंचकरांनी वही माझ्याकडे फिरवली. 'वैजयंता भिसे. उजवा गुडघा कमजोर. मोठ्या स्पर्धेस अयोग्य.' मी खाली सही केली. हे. मा. बागल. अक्षर चांगलं आलं.

"घरचा शब्द," अण्णा म्हणाले. "शुभदाला घ्या बाराव्या जागी. संपलं काम."

शुभदा म्हणजे कुठल्याशा तालुक्यातली एक उंच, शांत पोर. तिच्याबद्दल कुणाला काही चांगलं नव्हतं म्हणायचं आणि वाईटही नव्हतं. तिचं नाव लिहून झाल्यावर चिंचकरांनी मला उरलेला चहा दिला आणि म्हणाले, "मानलं बुवा तुम्हाला." मला बरं वाटलं. वैजूचं काय होणार हे माहीत असूनही, त्या एका मिनिटाला मला बरं वाटलं. ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

बाहेर नळावर मुल्ला सर हात धूत होते. मला बघून त्यांनी नळ बंद केला.

"मॅडम, गुडघ्याचं कधी झालं हो? सकाळी तर पोर हरणासारखी पळत होती."

"जुनं दुखणं आहे."

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आम्हा चौघांना चाचणीत गुण द्यायला मिळालेला तो कागद. अगदी वर वैजूचं नाव, पुढे दहापैकी दहा. मुल्ला सर कुणाला नऊच्या वर गुण देत नसत, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"अण्णांनी पण तिलाच वर ठेवलंय. अन् चिंचकर सकाळी काय म्हणाला, सांगू? म्हणाला, यंदा बागल मॅडमच्या पोरीवर आपण राज्य मारतोय."

"मग आत बोलला का नाहीत?"

"घरचा शब्द कसा तोडायचा? सतरा वर्षांत त्या शब्दावर लोकांनी काय काय पोरी घुसवल्या. बाहेर काढलेली ही पहिलीच. आम्हाला वाटलं, तुम्हाला आतलं काहीतरी माहीत असणार. आपल्या पोरीबद्दल कोण उगाच वाईट सांगेल?"

शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ते हळू आवाजात म्हणाले, "यादी अजून चिंचकरच्या पिशवीत आहे. पाचच्या एस.टी.ने तो जाणार. आत्ता साडेतीनच झालेत. चला, मी येतो बरोबर. म्हणा, माझ्याकडून चुकून बोललं गेलं. अण्णा काही खाणार नाहीत तुम्हाला."

दीड तास होता. वर्गाचं दार वीस पावलांवर होतं. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की गुडघ्याला काही झालेलं नाही, मी खोटं बोलले. अकरा सह्यांचं पत्र लिहिणारी बाई, पहिल्याच बैठकीत खोटं बोलली आणि सही करून बोलली. चिंचकरांच्या दातातलं ते टोपण मला दिसायला लागलं.

"नाही, सर," मी म्हणाले. "गुडघा खरंच कमजोर आहे."

मुल्ला सरांनी कागदाची घडी केली.

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले आणि निघून गेले.

वैजू फाटकापाशी उभी होती. बाकीच्या पोरी गेल्या होत्या. तिने तोंड धुऊन वेणी नव्याने घातली होती, रिबीनसुद्धा बदलली होती. यादी ऐकायला ती नीटनेटकी होऊन आली होती.

"मॅडम?"

माझे डोळे भरून आले. ते कुणासाठी भरले होते हे तिला कुठून कळणार?

"न्हाई झालं व्हय?"

"खूप भांडले गं मी. तिघं एकीकडे झाले. माझं एकटीचं काय चालणार?"

"कोण नको म्हणलं?"

तिला हे विचारायचं काय कारण होतं? गप्प बसली असती तर मीही तिथेच थांबले असते. पण तिने विचारलं, आणि माझ्या जिभेवर नाव तयारच होतं.

"चिंचकर सर. त्यांना स्वतःची पुतणी घ्यायची होती."

वैजूने खालचा ओठ दातात धरला. मैदानाकडे बघितलं. तिथे खांबाजवळ तिच्या घसरण्याची रेघ अजून दिसत होती. मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिली.

"प्या मॅडम. रडू नगा तुम्ही. माझ्यासाठी भांडलात, लई झालं. माझं कोण भांडणार हुतं दुसरं?"

मी पाणी प्यायले.

माघात बार उडाला. मी लग्नाला गेले होते. जावंच लागलं, वैजू स्वतः पत्रिका घेऊन आली होती. हळदीने माखलेली ती पोर मांडवात सगळ्यांना सांगत होती, "ह्या आमच्या मॅडम. माझ्यासाठी समितीत भांडल्या." पंगतीत तिच्या मामाने जिलबीचा आग्रह केला. मी नको नको म्हणत तीन खाल्ल्या.

पुढच्या वर्षी मोठ्या गटाची चाचणी झाली. मी कुठल्याशा प्रशिक्षणाला गेले होते. परतल्यावर चिंचकर म्हणाले, "तुमची ती गुडघेवाली आली होती बघा. नवऱ्याला घेऊन, हट्टानं. वहीत बघितलं अन् परत पाठवली. म्हणलं, बाई, संसार बघ आता, कशाला पाय मोडून घेतेस?"

"बरं केलंत," मी म्हणाले.

त्यानंतर वैजू कधी आली नाही. आधी गावी आली की शाळेत डोकावायची, ते बंद झालं. मी मनाशी म्हटलं, सासरी रमली असेल. असं म्हणणं फार सोयीचं होतं.

अण्णा गेले. मुल्ला सर गेले. शेवटी शिट्टी त्यांच्याबरोबरच ठेवली म्हणतात. चिंचकर लेकाकडे पुण्याला गेले. मी समितीची अध्यक्ष झाले. निःस्पृह बाई म्हणून माझं जिल्ह्यात नाव आहे. 'स्वतःच्या शाळेची पोरसुद्धा सोडली होती हो यांनी,' असं सत्कारात माझ्या देखत सांगितलं जातं, आणि लोक टाळ्या वाजवतात. घरच्या शब्दाची रीत मी मोडली नाही. अध्यक्षाला ती सोयीची पडते.

गेल्या वर्षीची गोष्ट. तेच मैदान, सकाळची वेळ. दोनेकशे पोरी, त्यांचे आईबाप, कडेला गाड्या. मी मंडपात टेबलाशी बसले होते, पुढ्यात वही. एक बाई सरळ चालत आली. अंगाने भरलेली, डोक्यावर पदर नव्हता, कानापाशी केस पिकलेले. बरोबर सोळा-सतराची पोर.

"ओळखलं का, मॅडम?"

"वैजू!" मी उठले. तिचे हात धरायला गेले, पण तिचे हात पोरीच्या खांद्यांवर होते आणि ते तिने काढले नाहीत.

"ही माझी कार्तिकी. ह्यांची बदली झाली, आता तुमच्याच तालुक्यात राहतो आम्ही. चाचणीला आलीय." आवाज शांत होता, शहरी वळणाचा. "पण मैदानात उतरायच्या आधी तुम्हाला एक दाखवायचंय. काढ गं."

कार्तिकी टेबलासमोर उभी राहिली आणि कान धरून उठाबशा काढायला लागली.

"एक," वैजू म्हणाली. "दोन. तीन."

आजूबाजूच्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्यांना वाटलं, पोरीने काहीतरी केलंय आणि आई शिक्षा करतेय. समितीतले बाकीचे तिघे माना वळवून बघायला लागले.

"वैजू, अगं, हे काय?"

"गुडघे, मॅडम. बघा नीट. दोन्ही बघा. उजवा जरा जास्त बघा. अकरा. बारा."

मी खाली बसले.

"लग्नानंतर मोठ्या गटाच्या चाचणीला आले, तेव्हा चिंचकर सरांना मी नको नको ते बोलले," ती मोजता मोजता, आवाज न चढवता सांगत होती. "भर मैदानात बोलले. पुतणीसाठी माझा गळा कापला म्हणाले. ते काही बोलले नाहीत. वही आणली आणि पान उघडून समोर धरली. मला तुमच्या सहीचं अक्षर ओळखू येतं, मॅडम. प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं बघितलं होतं. एकोणीस. वीस."

"पुरे, वैजू."

"पुरे कसं? तुमची खात्री झाली पाहिजे. मी त्यांच्या पाया पडले, माफी मागितली. तर मला काय म्हणाले माहितीय? म्हणाले, पोरी, आम्ही तिघंही तुलाच घेणार होतो, पण घरचा शब्द तोडता येत नाही. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं. सत्तावीस. अठ्ठावीस."

तिने वाकून टेबलावरची वही माझ्या बाजूला सरकवली आणि पेन वर ठेवलं.

"लिहा. कार्तिकी, गुडघे चांगले. खाली सही करा. मग पोर मैदानात उतरेल. खेळात कमी पडली तर खुशाल काढून टाका, माझं काही म्हणणं नाही."

मी लिहिलं. अक्षर हललं. सही करताना मान वर करायची माझी हिंमत झाली नाही.

"आई, थांबू का?" कार्तिकीने धापा टाकत विचारलं. तिच्या ओठांवर घाम जमला होता.

"मला काय विचारतेस?" वैजू म्हणाली. "हा मॅडमचा तालुका आहे. घरचा शब्द त्यांचा. त्या म्हणतील तेव्हा थांब."

आणि तिने मोजणं बंद केलं.

पोर माझ्या तोंडाकडे बघत उठत होती, बसत होती. आता हसायचं सगळेच थांबले होते. फक्त 'थांब' म्हणायचं होतं. चौथीच्या वर्गात, नळापाशी, फाटकाशी म्हणायला हवं होतं, तेवढंच. माझं तोंड उघडलं होतं, पण आवाज येत नव्हता. पोर उठत होती, बसत होती, आणि वैजू माझ्या शब्दाची वाट बघत उभी होती.